दुकानाचा बोर्ड, गाडीवरचं विनाईल आणि हरवलेली लोगोची फाइल: तुमचे प्रश्न

या महिन्यात छोट्या धंदेवाल्यांचे प्रश्न भरपूर आले. बोर्ड, गाडीवरची जाहिरात, व्हिजिटिंग कार्ड, सगळंच होतं. मी बावीस वर्षं याच कामात आहे, त्याआधी घरात ब्रश होता कारण वडील पेंटर, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेच सांगतो. नावं छापत नाही, गाव आणि धंदा तेवढा देतोय.

प्रश्न: दादा, आम्ही दोघी बहिणी मिळून शिवणकामाचं दुकान टाकतोय. बोर्ड १० फूट बाय ३ फूट आहे. डिझाइनवाल्याने नाव, दोन मोबाइल नंबर, सगळ्या कामांची यादी, देवीचा फोटो, शिलाई मशीनचा फोटो, इन्स्टाग्राम असं सगळं बसवून दिलंय. नाव इंग्लिशमध्ये मोठं आहे आणि खाली मराठीत बारीक. भरगच्च दिसतंय पण काहीतरी खटकतंय, काय ते कळत नाहीये. (बार्शी)

उत्तर: ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलंय. आधी एक करून बघा. तेच डिझाइन मोबाइलवर उघडा, ते स्क्रीनवर साधारण ६ सेंटीमीटर रुंद दिसेल एवढं ठेवा आणि मोबाइल डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर, म्हणजे हात जवळजवळ सरळ करून धरा. १०० फुटांवरून १० फुटी बोर्ड डोळ्याला बरोबर एवढाच दिसतो. आता त्यात काय वाचता येतंय ते बघा. कामांची यादी नाही वाचता येणार, दुसरा नंबर नाही, आणि देवीचा फोटो म्हणजे नुसता एक लाल ठिपका. जे इथे वाचता येत नाही ते रस्त्यावरूनही वाचता येणार नाही, पण जागा मात्र ते खातं, आणि त्यामुळे तुमचं नाव बारीक होतं, खरा तोटा हा आहे.

आमच्या लाइनीतला जुना हिशोब असा की आरामात वाचायला १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर लागतं. म्हणजे १०० फुटांवरून वाचायचं तर १० इंच. आता इथे मराठीचं वेगळं गणित आहे आणि ते बरेच डिझाइनवाले विसरतात, कारण ते आधी इंग्लिश बसवतात आणि मग त्याच साइझला मराठी टाकतात. इंग्लिश कॅपिटल अक्षर म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळं अक्षरच. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ह्या सगळ्यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे मधलं मूळ अक्षर बारकंच राहतं. म्हणून मोजताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचं, वेलांटीच्या टोकापासून नाही. तुमचा बोर्ड ३६ इंच उंच आहे. त्यात नावाचं मूळ अक्षर १२ इंच धरलं तर वरखालच्या मात्रांसकट २० इंच गेले, आणि खाली एका ओळीत 'ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको' आणि एकच मोबाइल नंबर आरामात बसतो. झालं, एवढंच ठेवा. यादी काचेवर आतून लावा, तिथे बाई उभी राहून वाचते.

आता मराठी खाली बारीक आहे त्याबद्दल. ते तसं चालणारच नाही. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानालासुद्धा मराठी देवनागरी पाटी लागते, मराठी आधी यायला हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. मुंबईतल्या दुकानदारांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, तिथे २५ सप्टेंबर २०२३ ला कोर्टाने पाट्या बदलायला दोन महिने दिले होते. पण मी कायद्याच्या भीतीने सांगत नाहीये. तुमच्या दुकानात येणाऱ्या बायका मराठी वाचतात. त्यांच्यासाठी मोठं लिहा.

आणखी एक, तुमच्या बोर्डवर 'ब्लाऊज' आणि 'शिलाई' आहे, म्हणजे ल आणि श दोन्ही आले. छापायच्या आधी ते नीट बघा. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा, शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत तसंच दिलंय, पण कॉम्प्युटरवरच्या पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल-श येतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. युनिकोड फॉन्ट असेल तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की बऱ्याच फॉन्टमध्ये अक्षर आपोआप बदलतं. डिझाइनवाल्याला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि अक्षरांमध्ये अंतर वाढवायला देऊ नका, इंग्लिशला ते शोभतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

जीएसटी नंबर घेतला असेल तर तो दर्शनी पाटीवर लागतो हे लक्षात ठेवा. पण तो बारीक चालतो, कोपऱ्यात घाला.

प्रश्न: आमच्या मिठाईच्या दुकानाला एलईडीची ॲक्रेलिक अक्षरं लावली. सहा महिन्यांत नावातल्या 'नंदन' या शब्दाचा अनुस्वार विझला, मग एक वेलांटी अर्धी विझली. बोर्डवाला म्हणतो माल चांगलाच होता. मग असं का होतं? (कल्याण)

उत्तर: माल चांगला असेलही, पण अक्षर कापतानाच विचार झाला नसणार. इंग्लिश अक्षर सुटं असतं, एकेक डबा बनतो. मराठी शब्द शिरोरेषेने जोडलेला, म्हणजे अख्खा शब्द एक लांब डबा होतो आणि अनुस्वार मात्र वेगळा, एकटा टिंब. त्या टिंबात एखादंच मॉड्यूल, म्हणजे एलईडीचा छोटा तुकडा, बसतं आणि त्याची वायर बाहेरून, बेसच्या मागून वळवून न्यावी लागते. तिथेच जोड उघडा राहिला की पहिल्या पावसात पाणी शिरतं आणि तो आधी जातो. वेलांटीचं कारण वेगळं, ती टोकाला निमुळती होत जाते आणि तिथे मॉड्यूल बसतच नाही, बसवलं तर वाकवून बसवतात, ते तुटतं.

दुरुस्तीला अख्खा बोर्ड उतरवायची गरज नाही. मागची शीट खोलून त्या दोन जागची मॉड्यूल बदलायला सांगा, आयपी ६७ वाली, म्हणजे पाणी-धूळ आत न शिरणारी घ्या, जोडांना नुसती टेप नको तर सिलिकॉन भरा, आणि एसएमपीएस, म्हणजे लाइटला वीज देणारा डबा, दुकानाच्या आत कोरड्यात आणा. डब्याच्या तळाला पाणी निघून जायला दोन बारीक भोकं हवीत, ती आहेत का बघा, नसतील तर पाडून घ्या. नवीन करणाऱ्यांनी आधीच जाड, सगळीकडे सारख्या जाडीचा फॉन्ट घ्यावा. माझ्या शॉपमध्ये आत लाइट घालायची असेल तर कान्याची जाडी दीड इंचापेक्षा कमी असलेलं अक्षर मी घेतच नाही, गिऱ्हाइकाला पटवून दुसरा फॉन्ट देतो. मुंबईत लाइटच्या बोर्डाला महापालिकेचा परवाना लागतो, इतर शहरात आपापल्या पालिकेत विचारून घ्या.

प्रश्न: आमचा मसाले आणि पापडाचा घरगुती उद्योग आहे, आता मालासाठी पांढरी ईको व्हॅन घेतली. संपूर्ण गाडी मरून रंगाच्या विनाईलने रॅप करून त्यावर नाव टाकायचं आहे, मागच्या काचेवर मसाल्याचा फोटो पण. दोन कोटेशन आलीत, एक दुसऱ्याच्या निम्मं आहे. कुठलं घ्यावं? (जयसिंगपूर)

उत्तर: भाऊ, भावाचं नंतर बघू, आधी रंगाचं. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. पांढरी गाडी अख्खी मरून केली तर ती कागदावर पांढरी आणि रस्त्यावर मरून, आणि रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. ते करायची तयारी असेल तर करा, पण मला विचाराल तर पांढरी गाडी म्हणजे तुम्हाला कंपनीने फुकट दिलेली बॅकग्राउंड आहे. तिच्यावर मरून अक्षर छान उठून दिसेल. दरवाजाखालचा पट्टा मरून करा, वर पांढऱ्यावर नाव टाका, आरसी सांभाळली जाईल आणि मटेरियलही निम्म्याहून कमी लागेल. भाड्याची, पिवळ्या पाटीची गाडी असेल तर जाहिरातीबद्दल आरटीओला आधी विचारा.

मागच्या काचेचा विषय सोडून द्या. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये गाडीच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली, आणि नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार जायला लागतो. भोकाभोकांचं विनाईल लावलं तरी साधारण निम्मा उजेड अडतो. शिवाय तुम्ही रात्री माल देऊन परत येणार, मागचं दिसायला हवं. नंबर प्लेट, लाइट, रिफ्लेक्टर यांच्याजवळ पण काही चिकटवू नका.

आता दोन कोटेशन. निम्मं असलेलं बहुतेक कॅलेंडर्ड विनाईलचं असणार आणि महागवालं कास्टचं. फरक ब्रँडचा नाही, बनवण्याचा आहे. कॅलेंडर्ड म्हणजे रोलरमधून दाबून ताणून पातळ केलेलं, चपातीसारखं, आणि ताणलेल्या वस्तूला परत आखडायची सवय असते. कास्ट म्हणजे पातळ द्रव ओतून वाळवलेलं, त्यात ताण नसतो, ते पातळही असतं, साधारण ५० मायक्रॉन, कॅलेंडर्ड ८०-१०० च्या आसपास. सपाट पत्र्यावर कॅलेंडर्ड चांगलं चालतं, मी रोज लावतो, दुकानाच्या शटरला, बोर्डला. पण गाडीच्या अंगावर खाचा असतात, बाजूने आत गेलेली पट्टी, दरवाजाची कड, स्लायडिंग दाराचा रूळ. मी सुरुवातीच्या वर्षांत एका पाण्याचे जार पोचवणाऱ्याच्या व्हॅनला कॅलेंडर्ड लावलं होतं, हीट गनने तापवून खाचेत नीट बसवलं, त्या दिवशी आरशासारखं दिसत होतं. मार्चमध्ये लावलं आणि मेमध्ये तो गाडी घेऊन आला तर खाचेच्या वर विनाईल तंबूसारखं ताणून उभं राहिलेलं, खाली हवा, आणि कडेला ते दोन-तीन मिलीमीटर आत सरकून मागे गोंदाची काळी चिकट रेघ राहिलेली, तिच्यावर धूळ बसलेली. त्याची चूक नव्हती, माझीच होती, मी कास्टमध्ये नवीन करून दिलं आणि तेव्हापासून खाचेवर कॅलेंडर्ड लावत नाही.

तेव्हा तुम्ही असं करा, दोघांनाही विचारा की कास्ट आहे का आणि वरचं लॅमिनेशनही कास्टच आहे का. खाली कास्ट आणि वर स्वस्तातलं लॅमिनेशन असेल तर ते वरचं आखडतं आणि खालच्याला घेऊन उठतं, म्हणजे महागाचे पैसे गेले आणि काम स्वस्ताचं झालं. हे बिलावर लिहून घ्या. तुमच्या डिझाइनमध्ये नाव सपाट भागावरच ठेवलं आणि खाचा मोकळ्या सोडल्या तर चांगल्या कॅलेंडर्डवरही भागेल, आणि मग ते निम्मं कोटेशन खरोखर परवडेल.

ईकोला स्लायडिंग दार आहे ना, ते विसरू नका. माल काढताना दार मागे सरकतं आणि मागच्या पॅनेलवर झाकण घालतं, म्हणजे नंबर मागच्या पॅनेलवर असेल तर गाडी बाजारात उभी असताना, लोक बघत असताना, नेमका तेव्हा तो झाकलेला. डिझाइन मंजूर करताना दार उघडं ठेवून एक फोटो काढा आणि त्यावरही डिझाइन बसवून मागा. हँडल आणि दाराच्या फटीवर अक्षर येऊ देऊ नका. मोबाइल नंबर मागच्या दारावर मोठ्ठा टाका, सिग्नलला मागे थांबलेला माणूस तोच वाचतो. चालत्या गाडीचं बघा, ताशी ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, बाजूने बघणाऱ्याला तीन-चार सेकंद मिळतात. त्यात नाव आणि 'मसाले, पापड' एवढंच मनात राहतं.

लावायच्या आधी गाडी धुऊन, वॅक्स-पॉलिश न करता द्या. रंगकाम नवीन केलं असेल तर तीन-चार आठवडे थांबा, नव्या रंगातून वाफ निघते आणि विनाईलखाली फुगे येतात. नंतर सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याचा फवारा कडेवर जवळून मारू देऊ नका.

प्रश्न: मी घरून केक करते. लोगो एका ओळखीच्याने करून दिला, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता, आता तो फोन उचलत नाही. कार्ड छापली तर लोगो धूसर आला, माझा गुलाबी रंग मळका आला आणि मराठी ओळीत वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली. प्रेसवाला म्हणतो तुमच्या फाइलचा दोष. (पुणे)

उत्तर: ताई, तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुर्दैवाने तिन्ही एकदम आल्यात. धूसर आला कारण तुमच्याकडे लोगो नाही, लोगोचा फोटो आहे. समजा तो ६४० पिक्सेलचा आहे. साडेतीन इंचाच्या कार्डवर कोपऱ्यात २ इंचात छापला तर ३२० डीपीआय, म्हणजे इंचाला ३२० पिक्सेल, पडतो, चालला असता, पण व्हॉट्सअ‍ॅपने दाबून त्याच्या कडा आधीच चिवडलेल्या असतात. तोच उद्या ४ फुटांच्या बोर्डवर टाकला तर इंचाला १३ पिक्सेल, म्हणजे चौकोन चौकोन दिसतील. ओळखीच्याची वाट बघू नका, कुठल्याही चांगल्या ऑपरेटरकडे तो लोगो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये परत ट्रेस करून घ्या, म्हणजे रेषेत काढून, तो मग कार्डावर छापा नाहीतर ट्रकवर, तसाच राहतो. घेताना कोरलची सीडीआर फाइल, पीडीएफ, आणि अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे रेषांमध्ये, बदललेली एक कॉपी अशा तिन्ही घ्या, फॉन्टचं नाव लिहून घ्या, आणि स्वतःच्या ईमेलवर स्वतःला पाठवून ठेवा. फाइल पाठवायची असेल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायची.

रंगाचं असं की स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि छपाई चार शाईंनी करते, झगमगीत गुलाबी त्या चार शाईंत बसतच नाही. सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्या चार शाईंच्या रंगांत, बदलून बघायचं, आणि ऑफसेटला हजार कार्ड टाकायच्या आधी डिजिटलवर एक शीट काढून हातात घेऊन दिवसाच्या उजेडात बघायची. त्याच वेळी कडेला चारी बाजूंनी ३ मिलीमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, सोडलाय का आणि बारीक मराठी अक्षर फक्त काळ्या शाईत आहे का तेही विचारा. चार शाया मिळून काळं केलं की जरा प्लेट सरकली तरी मात्रांना सावली पडते.

वेलांटीचं मात्र प्रेसवाल्यालाही कळायला हवं होतं. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई भाषांची सेटिंग चालू नसली की 'कि' लिहिलं तर वेलांटी क च्या मागे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. फाइल कुणाचीही असो, प्लेट बनवायच्या आधी मराठी माणसाने एकदा वाचलं असतं तर थांबवता आलं असतं. तुम्हीही प्रूफवर सही करायच्या आधी मोठ्याने वाचा, आणि नंबर उलटा, शेवटच्या आकड्यापासून वाचा, सरळ वाचताना पाठ असल्यामुळे चूक दिसत नाही. हे मी आमच्या पोरांना रोज सांगतो.

प्रश्न: समुद्राजवळ आमचं खानावळ आणि दोन खोल्यांचं घरगुती राहणं आहे. बोर्ड दर दोन वर्षांनी बदलावा लागतो, फ्रेम गंजते आणि फ्लेक्सचा लाल रंग उडून सगळं निळं दिसतं. (मालवण)

उत्तर: खारं वारं कुणाला सोडत नाही. फ्लेक्स दिसायला स्वस्त आहे, पण दर दोन वर्षांनी फ्रेमसकट बदलता त्याचा हिशोब करून बघा. ऊन लागलं की लाल-पिवळी शाई आधी मरते आणि निळी-काळी राहते, म्हणून ते निळं दिसतं, त्यामुळे नाव लाल ठेवू नका, गडद निळं किंवा काळं पांढऱ्यावर. फ्रेम गॅल्व्हनाइज्ड पाइपची घ्या आणि वेल्डिंग केलेल्या प्रत्येक जागी झिंकचा प्राइमर मारून घ्या, वेल्डिंगने तिथलं जस्त जळालेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. स्क्रू स्टीलचे ३१६ ग्रेडचे, ३०४ किनाऱ्यावर डाग धरतात. खरं तर तुमच्या ठिकाणी जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, पांढरा पट्टा काढून त्यावर चांगल्या पेंटरकडून नाव लिहून घेतलं तर मला जास्त आवडेल, तिथे गंजायला काही नाही आणि वाऱ्याला उडवायला काही नाही. मोठी फ्रेम लावणारच असाल तर भिंतीत आरपार बोल्ट घ्या. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग पडून १७ माणसं गेली, ते अवाढव्य होतं, पण वारा आपल्या ६ बाय ४ च्या बोर्डालाही शिडासारखाच धरतो.

प्रश्न: मी ५४ वर्षांचा पेंटर आहे. फ्लेक्स आल्यावर काम गेलं, आता वर्षाला दोन-चार शाळांच्या भिंती आणि देवळाच्या पाट्या. मुलगा म्हणतो कॉम्प्युटर शिका. या वयात जमेल का, की ब्रश ठेवून द्यावा? (पंढरपूरजवळ)

उत्तर: दादा, ब्रश ठेवू नका. तुमचं पत्र वाचून वडिलांची आठवण आली, ते आधी दोरीने निळीच्या पाण्याची रेघ मारायचे, मग शिरोरेषा एका दमात ओढायचे, आणि र्‍हस्व वेलांटी कुठे वळवायची ते त्यांना भिंत बघूनच कळायचं. आज माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या डिझायनर मुलांना हेच येत नाही, त्यांना फॉन्ट निवडता येतो पण दोन अक्षरांमधली जागा दिसत नाही.

कॉम्प्युटर सगळा शिकू नका, एवढंच करा. एका मोठ्या पांढऱ्या कागदावर काळ्या रंगाने तुमच्या हातची अक्षरं काढा, अ पासून ज्ञ पर्यंत, सगळ्या मात्रा आणि तुमची नेहमीची दहा-बारा जोडाक्षरं, श्री सकट. मुलाला मोबाइलवर सपाट फोटो काढून कोरलमध्ये ट्रेस करायला सांगा. त्याला एका आठवड्यात जमेल. मग गिऱ्हाइक आलं की तुमच्याच अक्षरात नाव जुळवून मुलाने फ्लेक्स, विनाईल, कार्ड काहीही द्यावं आणि ज्याला भिंत किंवा लाकडी पाटी हवी त्याला तुम्ही हाताने लिहावं. पुण्या-मुंबईत हॉटेल आणि कॅफेवाले हाताने लिहिलेली पाटी मुद्दाम मागून घेतात आणि फ्लेक्सच्या कितीतरी पट पैसे देतात, हे मी स्वतः अशी तीन कामं वडिलांच्या एका जुन्या सोबत्याला मिळवून दिली म्हणून सांगतोय. भाव स्क्वेअर फुटावर लावू नका, अक्षरावर लावा. आणि कामाच्या खाली कोपऱ्यात पूर्वीसारखं बारीक 'पेंटर' लिहून गावाचं नाव टाका, त्यापुढे मुलाचा मोबाइल नंबर.

अक्षरांच्या त्या कागदाचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. मला बघायचा आहे.